कळवळ्यापासून वेशीपर्यंत

आमच्या चर्चच्या मंडळीच्या मदत निधीची वही काही वर्षे माझ्याकडे होती. लांबट आकाराची, निळ्या कापडी पुठ्ठ्याची ती वही होती आणि तिच्या प्रत्येक पानावर पाच रकाने आखलेले होते: तारीख, नाव, कारण, रक्कम, सही. त्यांतला ‘कारण’ हा रकाना सगळ्यांत अरुंद होता, त्यामुळे माणसांची सगळी दुःखे मला दीड इंचात बसवावी लागत. ‘औषध’, ‘फी’, ‘भाडे’ असे काहीतरी मी लिहीत असे, आणि काहीच सुचले नाही की ‘अडचण’ असे लिहून मोकळी होत असे. उपासना संपल्यावर मागच्या खोलीतल्या टेबलाशी बसून पाकिटे द्यायची आणि सह्या घ्यायच्या, हे काम मला मनापासून आवडे, हेही कबूल केले पाहिजे. पाकीट हातात पडल्यावर समोरच्या चेहऱ्यावर जो सैलपणा येतो, तो पाहिला की त्या रविवारचे प्रवचन निदान आपण तरी आचरणात आणले, असे समाधान वाटे.

चर्चची झाडलोट करणाऱ्या मावशी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येत. टेबलासमोरची खुर्ची रिकामी असली तरी त्या उभ्याच राहत. मी ‘बसा’ म्हणत असे, पण खुर्ची पुढे सरकवण्याचे मला कधी सुचले नाही. रकमेचा आकडा त्या वाचत नसत. सही करताना मात्र पेन इतके दाबून धरत की त्यांच्या नावाचा ठसा खालच्या कोऱ्या पानावर उमटे.

एका रविवारी त्यांनी पाकीट घेतले नाही. ते माझ्याकडे किंचित सरकवून त्या म्हणाल्या, “ताई, हे राहू द्या. तीन महिन्यांचा पगार थकलाय माझा, तेवढा मिळाला तर बघा.”

मला हे ठाऊक नव्हते. छताच्या दुरुस्तीचा खर्च वाढल्यामुळे त्यांना थोडे थांबायला सांगण्यात आले होते. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते, आणि मावशी थांबल्या होत्या. त्या गेल्यावर मी वही मागे उलटली, तर तिन्ही महिन्यांत त्यांच्या नावापुढे माझ्याच अक्षरात ‘अडचण’ असे लिहिलेले होते. ती अडचण म्हणजे आम्हीच होतो. त्यांच्या हक्काचे पैसे एका खिशात दाबून ठेवून दुसऱ्या खिशातून त्यांना थोडे थोडे देत होतो, वर त्याची सही घेत होतो, आणि या सगळ्याला प्रभूच्या नावाने केलेली सेवा म्हणत होतो.

तेव्हापासून मी एका शब्दाशी झगडते आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात येशूला लोकांचा ‘कळवळा’ येतो. शुभवर्तमानांच्या मूळ ग्रीक भाषेत त्या जागी असलेले क्रियापद ‘आतडी’ या अर्थाच्या शब्दापासून बनलेले आहे. मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको, कारण आपल्याकडेही माया आतड्याचीच असते आणि दुसऱ्याचे हाल पाहून आतडेच तुटते. लूकने हे क्रियापद तीनदा वापरले आहे. नाईन गावच्या वेशीजवळ एका विधवेच्या एकुलत्या मुलाची प्रेतयात्रा पाहून येशूला कळवळा येतो, येशूने सांगितलेल्या दाखल्यांत रस्त्यात अर्धमेला पडलेला माणूस पाहून शोमरोनी प्रवाशाला, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानत त्या लोकांतल्या एकाला, येतो, आणि घर सोडून गेलेला मुलगा दूर अंतरावर दिसताच बापाला येतो. तिन्ही ठिकाणी कळवळ्यानंतर लगेच शरीर हलते. येशू तिरडीला हात लावतो, शोमरोनी जखमा बांधतो, म्हातारा बाप धावत सुटतो. माझाही कळवळा खोटा नव्हता, असे मला अजून वाटते, आणि माझाही हात हलत होता. मग चुकले कुठे?

याचे उत्तर मला जुन्या करारात सापडले, तेही दयेविषयीच्या वचनांत नव्हे, तर ‘वेस’ या एका शब्दात. इस्राएलाच्या गावांत वेस म्हणजे नुसता येण्याजाण्याचा दरवाजा नव्हता. गावचे वडील तिथे बसत, जमिनीचे व्यवहार तिथे साक्षीदारांसमोर होत आणि तंट्यांचा निकालही तिथेच लागे. उत्तरेकडील प्राचीन दान नगराच्या उत्खननात वेशीपाशी बसण्याची दगडी बाके सापडलेली आहेत. विधवा, अनाथ आणि उपरी या तिघांची नावे शास्त्रात पुन्हा पुन्हा एकत्र येतात, त्याचे कारण त्यांची गरिबी एवढेच नाही. वेशीतल्या त्या बाकावर त्यांच्या बाजूने बसणारे कोणी नव्हते, हेही त्याचे कारण आहे. नीतिसूत्रांचा कर्ता सांगतो की वेशीत दीनाला चिरडू नकोस. ईयोब आपल्या निर्दोषपणाची शपथ घेताना म्हणतो की वेशीत माझ्या बाजूची माणसे आहेत हे पाहून मी अनाथावर हात उगारला असेल, तर माझा खांदा निखळून पडो. या शपथेपाशी मी फार वेळ थांबले. ‘वेशीत माझ्या बाजूची माणसे आहेत’ हे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या कोणत्याही पंच मंडळातल्या कोणत्याही सभासदाला मनातल्या मनात ठाऊक असते, आणि मावशींना ‘थोडे थांबा’ असे सहज सांगता आले ते त्यामुळेच.

संदेष्टा आमोस हा तकोवाचा मेंढपाळ होता आणि उंबराच्या झाडांची निगा राखत असे. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात, भरभराटीच्या दिवसांत, तो इस्राएलाच्या उत्तरेच्या राज्यात जाऊन बोलला. लोकांनी उपासना सोडली, अशी त्याची तक्रारच नव्हती. सण थाटात होत होते, अर्पणे येत होती, वाद्ये वाजत होती, आणि नेमके तेच देवाला नकोसे झाले आहे, असे तो सांगत होता. कारण गरिबाला जोड्याच्या किमतीत विकले जात होते आणि वेशीत त्याचा न्याय बुडवला जात होता. ‘न्याय पाण्यासारखा वाहू द्या’ हे त्याचे वचन आपण भिंतीवर लावतो, पण त्याच्या आधीची ओळ, ‘तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा’, कोणी लावल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मी स्वतः गायनवृंदात गाते, म्हणून हे जरा जास्त बोचते.

कळवळा आणि वेस यांच्यात अंतर किती असते आणि ते कसे चालून जायचे, हे समजण्यासाठी मला रूथची गोष्ट सगळ्यांत उपयोगी पडली. लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत शेतकऱ्याला आज्ञा आहे की शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नकोस, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नकोस, गळलेले धान्य गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू दे. म्हणजे मालकाला दया आली तर त्याने द्यावे, अशी ही व्यवस्था नाही. शेताची कड मुळात त्याची नाहीच, आणि सरवा, म्हणजे हे गळलेले धान्य, वेचणाऱ्याने कोणाच्या दारात उभे राहण्याची गरज नाही. रूथ मवाबी होती, विधवा होती, परकी होती, आणि ती याच हक्काने बवाजाच्या शेतात उतरली. बवाज भला माणूस होता. त्याने गड्यांना सांगितले की तिच्यासाठी मुद्दाम थोडी कणसे ओढून टाका आणि तिला धमकावू नका. हा झाला दुसरा अध्याय, आणि आपली बहुतेक सेवा या अध्यायात येऊन थांबते. रूथ जन्मभर सरवा वेचत राहिली असती आणि बवाज जन्मभर मूठभर जास्त टाकत राहिला असता, तरी गावाने त्याला देवमाणूसच म्हटले असते. पण चौथ्या अध्यायात तो उठून वेशीत जातो. तो तिथे बसतो, दहा वडिलांना बोलावून बसवतो, ज्याचा हक्क आधी लागतो त्या जवळच्या नातलगाला सगळ्यांसमोर विचारतो, तो नातलग वहाण काढून हक्क सोडतो, आणि एका परक्या विधवेचे स्थान साक्षीदारांसमोर पक्के होते. भक्तिपर चिंतनांत या अध्यायातले प्रेम आवडीने सांगतात आणि व्यवहाराचा भाग भरभर उरकतात. मला मात्र आता तो रुक्ष व्यवहारच अधिक हृद्य वाटतो.

मी मावशींचा विषय पंच मंडळापुढे ठेवला, तेव्हा विरोध दुष्टपणातून झाला नाही. एक ज्येष्ठ सभासद, ज्यांच्या प्रार्थनेने माझ्या कठीण काळात मला आधार दिला होता, शांतपणे म्हणाले, “ही देवाच्या घराची सेवा आहे. तिला पगाराचा हिशेब लावू नये.” दुसऱ्या कोणी म्हटले की हक्काची भाषा राजकारणाची असते, ती चर्चमध्ये नको. मला त्या क्षणी बोलता आले नाही, पण घरी येताना सुचत गेले. विजेचे बिल आम्ही सेवेच्या भावनेने तीन महिने थकवले नव्हते. सेवा हा शब्द आम्ही फक्त अशा माणसाला लावला होता, ज्याने पैसे मागितले नसते. शिवाय हक्काची भाषा बाहेरून आलेली नाही. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नकोस, सूर्य मावळण्यापूर्वी त्याला ती दे, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, असे नियमशास्त्र सांगते. नव्या करारातल्या पत्रात याकोबाने तर लिहिले आहे की शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. मजूर नंतर ओरडतात, आधी मजुरीच ओरडते. म्हणजे मावशी गप्प राहिल्या असत्या तरी ती ओरड वर पोहोचतच होती, आणि तिच्या खाली बसून आम्ही गीते गात होतो.

दया आणि अन्याय एकाच छताखाली किती सुखाने नांदू शकतात, याचे एक उदाहरण मला विसरता येत नाही. १७१० साली ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन हा जमीनदार वारला आणि बार्बाडोस बेटावरचे त्याचे उसाचे मळे, त्यांवरच्या गुलामांसह, चर्च ऑफ इंग्लंडच्या एका मिशनरी संस्थेकडे आले. गुलामांना शुभवर्तमान शिकवावे, आजाऱ्यांची शुश्रूषा व्हावी, असे उदात्त हेतू त्यामागे होते. पण सुरुवातीच्या काळात त्याच मळ्यांवरच्या गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने ‘सोसायटी’ असा शब्द डागला जात होता. पुढे १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपवण्याचे ठरले, तेव्हा नुकसानभरपाई मालकांना मिळाली, आणि ती घेणाऱ्यांत ही संस्थाही होती. ज्यांच्या छातीवर डाग होते त्यांना काही मिळाले नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेने गुलामगिरीतील आपल्या सहभागाबद्दल माफी मागितली ती २००६ साली. या प्रकरणातली माणसे राक्षस असती तर मला बरे वाटले असते. पण ती प्रार्थना करणारी, हिशेब चोख ठेवणारी माणसे होती, आणि त्यांच्याही वहीत औषधोपचाराचा एखादा रकाना असणारच.

याच्या उलट मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या देशात असताना फुलहॅम येथे काही ख्रिस्ती भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवतात, हे त्यांनी पाहिले, आणि या बायका असे का वागतात असे विचारल्यावर त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. म्हणजे आधी कृती दिसली आणि मग वचन उलगडले, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुलींना त्यांनी केडगावला आणले, त्यांच्या हातांना काम शिकवले, आणि स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात स्त्रियांच्या हातून छापून घेतले. हे सगळे बहुतेकांना ठाऊक असते. पण बाप्तिस्म्यापूर्वी, १८८२ मध्ये, याच रमाबाईंनी शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हवेत असे सांगितले होते, आणि १८९७ च्या प्लेगच्या धामधुमीत पुण्यातल्या छावण्यांत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल वृत्तपत्रात उघड लिहून सरकारला जाब विचारला होता. त्या वेशीतही गेल्या होत्या. आपण त्यांचा आश्रम लक्षात ठेवतो आणि त्यांचे जाब विचारणे विसरतो, कारण आश्रमाला देणगी देता येते.

शोमरोन्याच्या दाखल्यातला यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता पंचवीस-तीस किलोमीटरांत हजारभर मीटर खाली उतरतो, आणि त्याच्या वळणांवर लुटारूंना दबा धरणे सोपे होते. १९६७ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या एका चर्चमधील भाषणात मार्टिन ल्यूथर किंग यांनी म्हटले की चांगला शोमरोनी होणे ही सुरुवात आहे, पण माणसे पुन्हा पुन्हा लुटली जाऊ नयेत म्हणून एक दिवस तो सगळा रस्ताच बदलावा लागेल. पुढच्याच वर्षी ते मेंफिसला गेले ते सफाई कामगारांच्या संपासाठी. कचरा दाबणाऱ्या गाडीत चिरडून दोन कामगार मेले होते, आणि ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिलेले फलक घेऊन त्यांचे सहकारी चालत होते. ३ एप्रिल १९६८ च्या रात्री किंग यांनी पुन्हा तोच यरीहोचा रस्ता आठवला. त्या जखमी माणसाला टाळून पुढे गेलेल्या याजकाने आणि लेव्याने, म्हणजे मंदिराच्या सेवकाने, ‘मी थांबलो तर माझे काय होईल’ असे विचारले असावे आणि शोमरोन्याने ‘मी थांबलो नाही तर याचे काय होईल’ असे विचारले, असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांची हत्या झाली. कचरा उचलणाऱ्यांच्या मजुरीसाठी गेलेला हा एक पाळक होता, हे मी पंच मंडळाच्या दुसऱ्या बैठकीत सांगितले. ते सर्वांनी आदराने ऐकून घेतले आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. उदाहरण जितके मोठे, तितके ते आपल्याला लागू नाही असे मानणे सोपे जाते, हे मी त्या दिवशी शिकले.

शोमरोन्याच्या गोष्टीतही एक बारीक व्यवहार आहे, जो माझ्या लक्षात फार उशिरा आला. तो उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो, म्हणजे त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि म्हणतो की याहून जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा भरून देईन. तो हिशेब उघडा ठेवतो. आमच्या वहीत प्रत्येक ओळ सहीने बंद होत असे.

शेवटी ज्या वचनाने काम झाले ते प्रेषितांच्या कृत्यांतल्या सहाव्या अध्यायातले होते. पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी त्या कुरकुरीला अविश्वास म्हटले नाही आणि विधवांना थोडे जास्त वाढा असेही सांगितले नाही. त्यांनी सात माणसे निवडायला लावली आणि वाटपच त्यांच्या हाती सोपवले. त्या सातांची नावे वाचली तर स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव, ही सगळी नावे ग्रीक आहेत. म्हणजे तक्रार ज्या बाजूने आली, बहुधा त्याच बाजूच्या हाती किल्ली गेली. हा अध्याय बैठकीत वाचल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सेवेचा मुद्दा मांडणाऱ्या त्याच ज्येष्ठ सभासदांनी सुचवले की मदत घेणाऱ्यांपैकी दोघांना निधीच्या समितीवर घ्यावे, आणि मावशींचा थकलेला पगार त्याच आठवड्यात द्यावा. मी त्यांना मनातल्या मनात जे काही म्हटले होते, त्याबद्दल मला त्यांची क्षमा मागावी लागली. न्यायाच्या मागे लागलेल्या माणसाचा कळवळा किती चटकन आटतो, हे त्या बैठकांच्या काळात मला स्वतःवरूनच कळले. विरोध करणारी माणसे मला माणसे वाटेनाशी झाली होती.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. दोन कुटुंबांनी देणगी थांबवली. मावशींना आठवड्याची एक सुट्टी मिळाली, पण त्या दिवशी झाडायचे कोणी, यावर चार बैठका झाल्या आणि अजूनही ती पाळी ठरावीक तिघांवरच येते. समितीवर आलेल्या दोघांपैकी एक बाई पहिल्याच दिवशी वही उघडून म्हणाल्या, “हा कारणाचा रकाना काढून टाका. इथं जे लिहिलेलं असतं, ते आम्ही सांगितलेलं नसतं.” तो रकाना गेला. माझ्याकडून वहीही गेली, कारण ती आता आळीपाळीने फिरते.

पगारासाठी वेगळी वही आली, तिच्या पहिल्या महिन्यात मात्र सह्या घ्यायला मीच बसले होते. टेबलावर दोन्ही वह्या शेजारी शेजारी होत्या. मावशी आल्या आणि त्यांनी विचारले, “सही कुठे करू, ताई?” सवयीने माझा हात निळ्या वहीकडे गेला. मावशींनी तो पाहिला, काही बोलल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, दुसरी वही स्वतःकडे वळवून घेतली, आणि आकड्यावर बोट ठेवून तो पुटपुटत दोनदा वाचल्यावर मग पेन मागितले.